कौटुंबिक मत्ता व ऋण पाहणी : खानदेशाच्या संदर्भात

कौटुंबिक मत्ता व ऋण पाहणी : एका ठराविक दिवशी कुटुंबाच्या मालकीची जमीन, इमारती, गुरे, शेतीची अवजारे, धंद्याची साधने, वाहने, ठेवी व भाग यांचे मूल्य आणि त्याच दिवशी त्या कुटुंबाकडून येणे असलेले कर्ज यांची नमुना पद्धतीने केलेली राष्ट्रव्यापी मोजणी. मत्तेच्या मूल्यातून ऋण वजा केले असता उरणाऱ्या रकमेस कुटुंबाची नक्त संपत्ती म्हणतात. उत्पन्न हा वर्षभर वाहणारा प्रवाह आहे, तर संपत्ती हा विवक्षित क्षणीचा साठा. त्यामुळे उत्पन्नाच्या पाहणीत न दिसणाऱ्या गोष्टी संपत्तीच्या पाहणीत उघड होतात. एकाच शिवारातील, सारखेच पीक काढणाऱ्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाच्या डोक्यावर तीन वर्षांचे थकलेले कर्ज असू शकते व दुसऱ्याच्या नावे पतपेढीत ठेव असू शकते. भारतात अशी मोजणी १९५१-५२ पासून साधारणतः दर दहा वर्षांनी होत आली आहे. पहिल्या पाहणीसाठी मुंबई राज्यातून जे जिल्हे निवडले गेले, त्यांत पश्चिम खानदेशाचा समावेश होता.

घरातील चीजवस्तू व कर्ज मोजण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात त्याहून बरेच जुने आहेत. पेशवाई संपल्यानंतर लगेच डॉ. टॉमस कोट्स याने पुण्याजवळील लोणी या गावाची पाहणी करून तिचा वृत्तांत १८२० मध्ये मुंबईच्या साहित्य मंडळापुढे वाचला. गावातील ८४ कुणबी कुटुंबांपैकी पंधरा-सोळा सोडून बाकीची सर्व सावकारांची देणेकरी असून त्यांचे एकूण देणे सु. साडेचौदा हजार रुपये असल्याची नोंद त्याने केली. एका गावापुरतीच असली, तरी घरोघर चौकशी करून काढलेली ही आकडेवारी पुढील शतकातील अनेक सरकारी अंदाजांपेक्षा अधिक भरवशाची आहे.

खानदेशात मात्र मोजणी या शब्दाशी निराळ्या आठवणी निगडित होत्या. १८५२ मध्ये जमिनीची पाहणी करून सारा ठरविण्याचे काम या प्रदेशात सुरू होताच सावदा, फैजपूर, यावल व एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी मोठ्या जमावाने त्यास विरोध केला आणि तो मोडून काढण्यासाठी सरकारला सैन्य आणावे लागले. जमिनीवर साखळी पडली म्हणजे मागाहून साऱ्याचा बोजा वाढणार, असा लोकांचा समज होता व तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सरकारी माणूस वही घेऊन दारात आला की घरातले खरे सांगू नये, ही शहाणीव अशा अनुभवांतून आलेली आहे. पुढील काळातील प्रत्येक पाहणीला, आकडे गुप्त राहतील असे कितीही आश्वासन दिले तरी, या अविश्वासाशी सामना करावा लागला.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले. तापी, गिरणा, बोरी व पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीवर कापूस घेणाऱ्या खानदेशाला या तेजीचा मोठा लाभ झाला आणि तेजी ओसरल्यावर तेवढाच मोठा फटकाही बसला. भाव चढे असताना जमिनीच्या तारणावर घेतलेले कर्ज भाव उतरल्यावर तसेच राहिले. खानदेशाचा जुना जिल्हा गॅझेटिअर (१८८०) या स्थितीचे वर्णन करण्यासाठी भांडवलावर स्वतंत्र प्रकरण देतो; त्यात सावकारीचे प्रकार व व्याजाचे दर यांच्याबरोबर स्वतःचे श्रम गहाण ठेवून कर्ज फेडण्याच्या रिवाजाचीही नोंद आहे. तत्पूर्वी मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले होते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने अहमदनगर जिल्ह्यातील बारा गावांची तपासणी केली. सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी जवळजवळ एकतृतीयांश कर्जात बुडालेले असून त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कर्जाची तुलना मिळकतीशी किंवा मत्तेशी न करता साऱ्याशी करण्याची ही रीत सरकारी दृष्टीची द्योतक आहे. सरकारला चिंता होती ती सारा वसूल होण्याची. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याचा आरंभीचा अंमल पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांत होता.

त्यानंतरची पन्नास वर्षे अंदाजांची होती. फ्रेडरिक निकल्सन याने १८९५ मध्ये मद्रास इलाख्याचे ग्रामीण कर्ज ४५ कोटी रु. धरले, एडवर्ड मॅक्लॅगन याने १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी ३०० कोटींचा आकडा दिला आणि मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने १९२९-३० च्या सुमारास तो ९०० कोटींवर नेला. त्यात मुंबई इलाख्याचा वाटा ८१ कोटी रु. होता. हे आकडे थोड्या गावांच्या चौकशीवरून किंवा नोंदलेल्या गहाणखतांवरून गुणाकाराने काढलेले असल्याने त्यांवरून कर्ज किती पटींनी वाढले हे सांगणे धोक्याचे आहे. याउलट हॅरल्ड मान याने पुणे जिल्ह्यातील पिंपळे सौदागर या गावाची केलेली पाहणी (१९१७) आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३७-३८ मध्ये वाई तालुक्यात केलेली शेतीधंद्याची पाहणी यांनी प्रत्यक्ष कुटुंबाकडून पद्धतशीर माहिती कशी घ्यावी याचा वस्तुपाठ घालून दिला. पुढील राष्ट्रीय पाहणीच्या समितीत गाडगीळ होते, हा योगायोग नव्हे.

ही राष्ट्रीय पाहणी म्हणजे भारतीय रिझर्व्ह बँकेने हाती घेतलेली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी (१९५१-५२). ए. डी. गोरवाला हे तिच्या निदेशक समितीचे अध्यक्ष होते. गाडगीळ व बी. वेंकटप्पय्या हे सदस्य आणि एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य-सचिव होते. देशातील ७५ जिल्हे व त्यांतील ६०० गावे निवडून १,२७,३४३ कुटुंबांची सर्वसाधारण चौकशी करण्यात आली. प्रत्येक जिल्ह्यात आठ गावे घेऊन गावातील सर्व कुटुंबांना कर्जाविषयी विचारण्यात आले आणि प्रत्येक गावातून थोडी शेतकरी कुटुंबे निवडून त्यांची सखोल चौकशी झाली. शेतकऱ्यांची पेऱ्याखालील क्षेत्रानुसार उतरती यादी करून वरचे तीन दशांश मोठे, मधले चार दशांश मध्यम व खालचे तीन दशांश लहान, अशी वर्गवारी केल्यामुळे ‘शेतकरी’ या एका शब्दाखाली झाकली जाणारी विषमता आकड्यांत उतरली. पश्चिम खानदेशासारख्या जिल्ह्यात, जेथे तापीकाठच्या सुपीक पट्ट्यातील बागायतदार आणि सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल शेतकरी एकाच सरासरीत बसविले जातात, तेथे अशी वर्गवारी नसती तर पाहणीतून काहीच हाती लागले नसते.

समितीचा अहवाल १९५४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांनी वर्षभरात घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के व व्यापारी बँकांचा ०.९ टक्के होता. धंदेवाईक सावकारांकडून ४४.८ टक्के आणि शेतकरी सावकारांकडून २४.९ टक्के कर्ज आले होते. उरलेले नातेवाईक, व्यापारी, अडते व जमीनदार यांचे. १९०४ च्या कायद्यापासून अर्धशतक चाललेल्या सहकारी पतचळवळीला हा आकडा फार लागला. तथापि समितीने सहकार सोडून देण्याची शिफारस केली नाही. शासनाने सहकारी संस्थांचे भाग घ्यावेत, पतपुरवठ्याची विक्री व प्रक्रिया यांच्याशी सांगड घालावी आणि इंपीरियल बँकेचे रूपांतर ग्रामीण भागात शाखा काढणाऱ्या सरकारी बँकेत करावे, असे तिने सुचविले. १ जुलै १९५५ रोजी स्थापन झालेली भारतीय स्टेट बँक हे त्याचे दृश्य फळ होय. मोजणीतून एवढा मोठा संस्थात्मक बदल घडल्याची उदाहरणे भारतात फार नाहीत.

दुसरी पाहणी (१९६१-६२) ग्रामीण ऋण व गुंतवणूक पाहणी या नावाने झाली. १९७१-७२ पासून हे काम राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांत आले (२६ वी फेरी) आणि ३७ वी (१९८१-८२), ४८ वी (१९९१-९२), ५९ वी (२००३), ७० वी (२०१३) व ७७ वी (२०१९) या फेऱ्यांत त्याची पुनरावृत्ती झाली. १९८१-८२ पर्यंत शहरी कुटुंबेही पाहणीच्या कक्षेत आली होती. शेतकऱ्यांच्या कर्जातील संस्थात्मक कर्जाचा वाटा १९५१ मध्ये ७.३ टक्के, १९६१ मध्ये १८.७ टक्के, १९७१ मध्ये ३१.७ टक्के, १९८१ मध्ये ६३.२ टक्के, १९९१ मध्ये ६६.३ टक्के व २००२ मध्ये ६१.१ टक्के असा दाखविला जातो. ही मालिका पाठ्यपुस्तकांतून सर्रास उद्‌धृत होते. पण तिचा पहिला आकडा वर्षभरात घेतलेल्या कर्जाचा आहे आणि पुढचे आकडे ठराविक दिवशी येणे असलेल्या कर्जाचे आहेत, हे बहुधा कोणी सांगत नाही. १९७१ ते १९८१ या दहा वर्षांतील दुप्पट वाढ सर्वस्वी १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणामुळे झाली, असेही मानता येत नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी १९७५ च्या सुमारास सावकारी कर्जांविरुद्ध कायदे केले. त्यानंतर सावकाराचे नाव सरकारी अन्वेषकापुढे घेणे ऋणको व धनको या दोघांनाही अडचणीचे झाले असल्यास नवल नाही. सावकारीचा वाटा किती घटला आणि किती लपला, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

मोजणीची पद्धत आकड्याला कसा आकार देते, याचे बोलके उदाहरण ५९ व्या फेरीत सापडते. या एकाच फेरीत, एकाच संघटनेने दोन पाहण्या केल्या. मत्ता व ऋण पाहणीनुसार ३० जून २००२ रोजी देशातील शेतकरी कुटुंबांपैकी २९.७ टक्के कर्जदार होती. शेतकऱ्यांच्या परिस्थितीचे मूल्यमापन करणाऱ्या पाहणीनुसार ते प्रमाण ४८.६ टक्के व महाराष्ट्रात ५४.८ टक्के निघाले. पहिलीत कित्येक महिन्यांपूर्वीच्या दिवसाची स्थिती आठवून सांगायची होती, तर दुसरीत भेटीच्या दिवशीची. शेतकरी कुटुंबाची व्याख्याही दोन्हींत एक नव्हती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे कर्जबाजारीपणाची चर्चा तीव्र झालेली असताना ‘दहांत तीन’ आणि ‘दहांत पाच’ यांतील अंतर केवळ शास्त्रीय कुतूहलाचे नव्हते.

पाहणीत मत्ता व ऋण यांचा हिशेब साधारणतः ३० जून या दिवसाचा धरतात, कारण त्या दिवशी कृषिवर्ष संपते. खानदेशातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दिवस वर्षातील सर्वांत रिकाम्या खिशाचा असतो. मार्चअखेरीस फेडलेले पीककर्ज त्याने पुन्हा उचललेले असते, कापसाचे बियाणे व खत कृषी केंद्रातून उधारीवर आलेले असते आणि कणगीतली ज्वारी तळाशी गेलेली असते. त्यातच पाहणीच्या नियमानुसार शेतात उभे पीक आणि घरात साठविलेला माल मत्तेत धरत नाहीत. इतर प्रदेशांत या वगळण्याने फारसा फरक पडत नसेल. रावेर, यावल व चोपडा तालुक्यांतील केळीच्या बागायतदाराचे चित्र मात्र त्याने बदलते. केळीचे पीक वर्षभराहून अधिक काळ शेतात उभे असते. रोपे, ठिबक संच व खते यांसाठी काढलेले कर्ज ऋणाच्या रकान्यात पूर्ण दिसते. ज्या बागेत ते कर्ज मुरले आहे ती बाग मत्तेच्या रकान्यात नसते. भाव वाढेल या आशेने घरात गंजी करून ठेवलेल्या कापसाचीही तीच गत. उलट वादळात बाग आडवी झाली, तरी मत्तेच्या आकड्यात त्याचा मागमूस उमटत नाही.

गरिबाच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीपासून धरण्याची चाल आहे. मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल सालदार वर्षभर राबून फेडतो. ती पुरली नाही तर पुढील सालावर चढते. ही रक्कम कर्ज की मजुरी, असे विचारले तर मालक व सालदार दोघेही बहुधा मजुरी म्हणतील. अन्वेषकाने उचल, दुकानाची उधारी, हातउसने आणि धान्याची वाढीदिढी यांची पृथक चौकशी केली नाही, तर भूमिहीन कुटुंब कर्जमुक्त म्हणून नोंदले जाते. ऋणग्रस्तांचे प्रमाण भूमिहीनांत कमी व जमीनदारांत अधिक दिसते, ते काही अंशी यामुळेच. काही अंशी ज्याला तारण आहे त्यालाच कर्ज मिळते म्हणूनही. कर्ज नसणे हे सुस्थितीचे लक्षण समजणे ही या आकडेवारीच्या वाचनातील सर्वांत सामान्य चूक आहे.

सातपुड्यातील आदिवासींच्या मत्तेचा प्रश्न आणखी बिकट आहे. शहादा व तळोदे भागात सावकार आणि बागायतदार यांच्याकडे गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून १९७०च्या दशकाच्या आरंभी मोठी चळवळ झाली व त्या दशकात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदाही राज्याने केला. या भागात ताबा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा आणि कसणारा तिसराच, अशी स्थिती दीर्घकाळ होती. पाहणीच्या व्याख्येत मालकीप्रमाणे असलेल्या ताब्यालाही मालकी समजतात. त्यामुळे वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुटुंबाची जमीन मोजली जाऊ शकते. परंतु पट्टा हाती नसलेला माणूस वनखात्याच्या भीतीने ती सांगेलच असे नाही. १८५२ ची शंका येथे वेगळ्या रूपात जिवंत आहे.

मूल्यमापनाची अडचण पाहावयाची तर जळगाव शहरालगतच्या पिंप्राळ्याचे उदाहरण पुरेसे आहे. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखले जाणारे हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव आता जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. अशा गावात शेताची किंमत एकेकाळी त्यात पिकणाऱ्या कापूस-ज्वारीवरून ठरे. वस्ती सरकत आली की ती बिनशेती भूखंडाच्या दराने ठरते. शेत तेच, पीक तेच, कसणारे हातही तेच. तरी कुटुंबाची मत्ता कागदावर कित्येक पटींनी वाढते. नोंदणी कार्यालयाचा मूल्यदर तक्ता वापरला तर प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत सुटते, आणि मालकाला विचारले तर तो विकायची नसलेल्या जमिनीची किंमत काय सांगणार? शिवाय गाव शहरात गेले की तेथील कुटुंबे ग्रामीण नमुन्यातून निघून शहरी नमुन्यात जातात. ग्रामीण भागातील सर्वांत महाग जमिनी अशा रीतीने दशकादशकाला ग्रामीण सरासरीतून वजा होत असतात.

७७ व्या फेरीत ५,९४० गावांतील ६९,४५५ व शहरी भागातील ४७,००६ कुटुंबांची पाहणी झाली. ३० जून २०१८ रोजी ग्रामीण कुटुंबाची सरासरी मत्ता १५,९२,३७९ रु. व शहरी कुटुंबाची २७,१७,०८१ रु. निघाली. ग्रामीण भागात शेतकरी कुटुंबाची सरासरी २२,०७,२५७ रु. तर बिगर-शेतकरी कुटुंबाची ७,८५,०६३ रु. होती. या मत्तेचा सु. नऊ-दशांश भाग जमीन व इमारतींचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे सरासरीचा भपका ओसरतो; ही विकल्याशिवाय हाती न येणारी आणि विकली तर उपजीविकाच बुडविणारी संपत्ती आहे. ग्रामीण कुटुंबांपैकी ३५ टक्के व शहरी कुटुंबांपैकी २२.४ टक्के ऋणग्रस्त होती. ग्रामीण कर्जात संस्थात्मक कर्जाचा वाटा ६६ टक्के होता. वरच्या दहा टक्के कुटुंबांकडे ग्रामीण मत्तेचा निम्म्याहून थोडा अधिक (५०.८ टक्के) व शहरी मत्तेचा ५५.७ टक्के भाग एकवटला होता. खालच्या निम्म्या कुटुंबांच्या वाट्याला ग्रामीण भागात १०.२ व शहरी भागात ६.२ टक्के आले.

वास्तवातील विषमता याहून अधिक असावी. अतिश्रीमंत कुटुंबे संख्येने इतकी थोडी असतात की साध्या नमुन्यात ती क्वचितच येतात, आणि आली तरी दार उघडत नाहीत. अमेरिकेत १९८३ पासून दर तीन वर्षांनी होणाऱ्या ग्राहक वित्त पाहणीत करखात्याच्या नोंदींच्या आधारे श्रीमंत कुटुंबे मुद्दाम अधिक प्रमाणात निवडतात. भारतीय पाहणीत तशी सोय नाही. येथे गावातील वा प्रभागातील कुटुंबांची यादी करून ती कर्जदार आहेत की नाहीत आदी निकषांवर गट पाडतात व प्रत्येक गटातून थोडी कुटुंबे घेतात. नंतरच्या फेऱ्यांत घरगुती टिकाऊ वस्तू मत्तेतून वगळल्याने जुन्या व नव्या आकड्यांची थेट तुलनाही करता येत नाही. सोन्याबद्दल तर विचारणाऱ्यालाच संकोच वाटतो. खानदेशात लग्नात घातलेले दागिने कोणाच्या नावचे, हे घरातही अनेकदा ठरलेले नसते. तेथे ते कुटुंबाची मत्ता म्हणून लिहून घेणे म्हणजे बाईच्या एकमेव मालमत्तेवर घरादाराचा हक्क गृहीत धरणे होय.

खानदेशातील वाचकाच्या मनात सहजच येणारा प्रश्न म्हणजे जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार यांचे आकडे काय. या पाहण्यांचा नमुना राज्यपातळीवरील निष्कर्षांसाठी आखलेला असतो. राज्याखालील सर्वांत लहान घटक म्हणजे नमुना पाहणीचा प्रदेश; महाराष्ट्राच्या अंतर्गत उत्तर प्रदेशात नंदुरबार, धुळे, जळगाव व नाशिक हे चार जिल्हे येतात. अक्कलकुव्याची डोंगरवस्ती, रावेरची केळी आणि निफाडचे द्राक्षमळे अशा रीतीने एकाच सरासरीत मिसळतात. १९५१-५२ मध्ये जिल्हा हाच निवडीचा घटक असल्याने पश्चिम खानदेशाची स्थिती वेगळी पाहता आली होती. नंतरच्या अधिक मोठ्या व अधिक शास्त्रीय पाहण्यांत ती सोय राहिली नाही. २००८, २०१७ व २०१९ या वर्षांच्या कर्जमाफी योजनांत जिल्हानिहाय रकमा ठरल्या, त्या बँकांच्या खातेनोंदींवरून. खाजगी सावकार, कृषी केंद्राची उधारी व नातेवाइकांचे हातउसने यांची नोंद त्या खात्यांत नसते, आणि ज्या पाहणीत ती असते तिचे आकडे जिल्ह्यापर्यंत पोहोचत नाहीत.